अजरख कापडाचा साधा ड्रेस घरी कसा शिवावा

अजरख हे कच्छचे ठशांनी छापलेले कापड. अशा कापडाचा ड्रेस बिघडतो तो बहुधा कात्रीखाली. मशीनवर वाकडी गेलेली टीप उसवून पुन्हा घालता येते, परंतु चुकीच्या जागी कापलेली नक्षी पुन्हा जोडता येत नाही. म्हणूनच या लेखात शिलाईपेक्षा तिच्या आधीच्या कामांवर अधिक भर दिला आहे. मशीनवर सरळ टीप घालता येणाऱ्या, पण अजून एकही पूर्ण कपडा न शिवलेल्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून हे सर्व लिहिले आहे. निवडलेला ड्रेस अगदी साधा आहे: पुढचा एक तुकडा, मागचा एक तुकडा, त्यांतूनच पुढे निघालेली आखूड बाही, डोक्यावरून घालता येईल असा गोल गळा आणि खाली थोडा घेर. चेन नाही, टक्स नाहीत, वेगळी बाही जोडणे नाही. शिलाई जितकी कमी, तितकी नक्षी कमी तुटते, आणि गोव्याच्या दमट हवेत सैल कपडाच अंगाला सुखाचा वाटतो.

कापडाची निवड

पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे हस्तकलेची प्रदर्शने भरतात, तेव्हा तेथे कच्छचे अजरख, मछलीपट्टणची कलमकारी, राजस्थानातील बगरू आणि दाबू असे निरनिराळे छापील सुती कापड मिळते. नवख्याने पहिल्या ड्रेससाठी अजरख घ्यावे, असे माझे मत आहे. त्याची नक्षी लहान व भौमितिक असते आणि ती पुनःपुन्हा येते, त्यामुळे जुळवाजुळव शिकायला ती चांगली. कलमकारीतील मोठे वृक्ष, मोर किंवा मानवाकृती सुंदर दिसतात, पण त्या कोठे कापल्या जातील याचा हिशेब पहिल्याच खेपेस जमणे अवघड असते.

कापड ठशाने छापलेले आहे की यंत्रावर, हे नीट पाहून ओळखता येते. हाताने छापलेल्या कापडात एका ठशाची कड दुसऱ्याला मिळते तेथे केसभर अंतर किंवा किंचित चढ दिसतो, आणि ओळी अगदी काटेकोर नसतात. यंत्रावरच्या छपाईत प्रत्येक आकृती तंतोतंत सारखी येते आणि उलट बाजू बरीच फिकी राहते. अजरखाचा एक प्रकार दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. तसे कापड मिळाले तर सुलट-उलटचा प्रश्नच उरत नाही, मात्र किंमत त्या मानाने वाढते.

जाडी निवडताना केंब्रिक किंवा मध्यम वजनाचे सुती कापड घ्यावे. मलमल गोव्याच्या उन्हाळ्यात छान वाटते, पण ते मशीनखाली सरकते आणि त्याला अस्तर लावावे लागते. मोडाल किंवा रेशमावरचे अजरख दुसऱ्या-तिसऱ्या ड्रेससाठी राखून ठेवावे.

अशा कापडाचा पन्हा साधारणपणे ४४ इंच असतो. गुडघ्याच्या किंचित खाली येणाऱ्या, ४० इंच उंचीच्या ड्रेससाठी ३ मीटर कापड घ्यावे. त्याचा हिशेब असा: पुढचा आणि मागचा तुकडा शिलाईच्या मार्जिनसह प्रत्येकी ४३ इंच, म्हणजे ८६ इंच, नक्षी जुळवण्यासाठी आठ ते दहा इंच, आणि पहिल्या धुलाईत आटणारे चार-पाच इंच. उरलेल्या कापडातून गळ्याच्या पट्ट्या आणि खिसे निघतात. दुकानदार “अडीच मीटर पुरेल” असे सांगतो, तेव्हा तो नक्षी जुळवण्याचे कापड धरत नाही.

पहिली धुलाई आणि लोखंडाचा धोका

न धुतलेले कापड कधीही कापू नये. सुती कापड पहिल्या धुलाईत मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकते, आणि ते आटणे शिवलेल्या ड्रेसमध्ये घडले तर उंची कमी होते व शिलाईवर सुरकुत्या पडतात. कापड एकटेच, थंड पाण्यात आणि रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात हलक्या हाताने धुवावे. निळा व लाल रंग थोडा सुटतो. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, पण रंगवून झालेल्या कापडावर मिठाचा तसा उपयोग होत नाही. त्याने अपायही होत नाही, इतकेच.

गोव्यात मात्र मिठापेक्षा लोखंडाचा विचार करणे अधिक आवश्यक आहे, आणि त्याचे कारण अजरखाच्या रंगांतच आहे. या कापडाला छपाईपूर्वी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी मिळाले की गडद करडा ते काळा रंग तयार होतो. नक्षीतील काळ्या रेषाही याच तत्त्वावर छापल्या जातात. गंजके लोखंड व गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून तो द्रव ठशाने कापडावर उमटवतात. लाल रंग तुरटीच्या आधारे मंजिष्ठा किंवा अलिझरीनपासून येतो, निळा निळीपासून, आणि पांढऱ्या रेषा चुना व डिंक लावून झाकलेल्या जागांमुळे शिल्लक राहतात. हिरड्याचा अंश कापडात उरलेला असेल, तर गंजलेली टाचणी रात्रभर टोचून ठेवणे, गंजक्या तारेवर कापड वाळत घालणे किंवा लोखंडी बादलीत ते भिजवणे एवढ्यानेही काळा डाग पडू शकतो. कच्छमधील कारागिरांनाही लोखंडाचा हा परिणाम चांगला ठाऊक आहे. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातील पाणी बदलले, त्यातील लोहामुळे रंग नीट येईनासे झाले, आणि बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले.

आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसत असेल किंवा उभ्या पाण्यावर तांबूस तवंग येत असेल, तर अशा पाण्यात हे कापड धुऊ नये. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. टाचण्या न गंजणाऱ्या (स्टेनलेस) स्टीलच्या घ्याव्यात आणि पावसाळ्यात तांदळाच्या दाण्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. गंजाचा डाग पडलाच, तर तो घालवण्यासाठी लिंबू चोळू नये. लिंबाचे आम्ल गंज विरघळवते, पण काळी नक्षीही लोखंडाचीच असल्याने डागासोबत तीही फिकी पडते. सोलकढी किंवा चिंचेचे पाणी सांडले, तर त्याच कारणाने ती जागा लगेच साध्या पाण्याने धुवावी.

कापड सावलीत वाळवावे. चतुर्थीसाठी शिवायला घेतलेले कापड बहुधा भर पावसातच धुवावे लागते. अशा वेळी ते घरात पंख्याखाली पसरून ठेवावे आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय घडी घालू नये, कारण दमट घडीत दोन दिवसांत बुरशी धरते. किंचित ओल असतानाच उलट बाजूने इस्त्री केली, तर कापड सपाट होते आणि कापणे सोपे जाते.

मापे आणि कागदी आकार

शिंप्याकडे इंचाची टेप असते आणि मापेही इंचांतच बोलली जातात, म्हणून येथे तोच मार्ग धरला आहे. छाती, सीट (नितंबांचा सर्वांत रुंद भाग), खांद्यापासून हवी असलेली उंची, दंडाचा घेर आणि डोक्याचा घेर ही पाच मापे पुरतात. उदाहरणादाखल ३६ इंच छाती आणि ४० इंच सीट धरली आहे.

ब्राऊन पेपरवर प्रथम अर्धा आकार काढावा. कागदाची डावी कड ही ड्रेसची मध्यरेषा समजावी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सर्व अंतरे मोजावीत. वरच्या कडेवर ३ इंचांवर गळ्याची खूण करावी. मध्यरेषेवर पुढच्या गळ्यासाठी साडेपाच आणि मागच्या गळ्यासाठी ३ इंच खाली खूण करून दोन्ही खुणा गोलाईने गळ्याच्या खुणेशी जोडाव्यात. अशा गळ्याचा एकूण घेर सुमारे २३ इंच होतो. डोक्याचा घेर याहून अधिक भरत असेल तर पुढचा गळा अर्धा-एक इंच खोल करावा. गळ्याच्या खुणेपासून तिरकी रेषा अशी काढावी की ती मध्यरेषेपासून १२ इंचांवर पोचेल, तेव्हा वरच्या कडेखाली दीड इंच असेल. हा खांदा आणि बाही दोन्ही होय. तेथून साडेसात इंच सरळ खाली आल्यावर बाहीचे तोंड संपते. म्हणजे बाहीचा घेर १५ इंच झाला, आणि दंडाच्या मापापेक्षा तो किमान दोन इंच अधिक असायला हवा.

छातीची रुंदी काढण्याचा नियम सोपा आहे: छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच. म्हणजे ९ आणि दीड, असे साडेदहा इंच. वरच्या कडेपासून ११ इंच खाली आणि मध्यरेषेपासून साडेदहा इंचांवर ही खूण येते. बाहीच्या तोंडाचे खालचे टोक आणि ही खूण सौम्य गोलाईने जोडावी. काखेत टोकदार कोपरा ठेवला तर कपडा तेथेच फाटतो. छातीच्या खुणेपासून, वरच्या कडेखाली ४० इंचांवर आणि मध्यरेषेपासून १४ इंचांवर केलेल्या खुणेपर्यंत तिरकी सरळ रेषा ओढली की घेर मिळतो. खांद्यापासून सुमारे २३ इंच खाली, सीटच्या जागी, ही रुंदी सीटच्या चौथ्या भागापेक्षा किमान एक इंच अधिक आहे ना, हे टेपने पाहावे. आपल्या उदाहरणात ती जवळपास १२ इंच येते, म्हणजे पुरेशी आहे.

हा आकार शिवून तयार झालेल्या ड्रेसचा आहे. त्याभोवती बाजूंना एक इंच, खांद्याला पाऊण इंच, बाहीच्या तोंडाला एक इंच, खालच्या कडेला दीड इंच आणि गळ्याला पाव इंच मार्जिन वाढवावे. मूळ रेषा आणि मार्जिनची रेषा दोन वेगळ्या रंगांनी काढल्यास पुढे गोंधळ होत नाही.

नंतर हा अर्धा आकार दुसऱ्या कागदावर उलटून पूर्ण आकार काढावा, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. अर्ध्या आकारावर बहुतेक जण समाधान मानतात. ते का पुरत नाही, हे पुढच्या टप्प्यात दिसेल. वेळ असेल तर जुन्या सुती लुगड्यातून किंवा चादरीतून एक कच्चा ड्रेस कापून अंगावर धरून पाहावा. काखेची खोली आणि गळा यांतील उणीव तेथेच कळते.

नक्षी पाहून कापणे

शिंपी वेळ वाचवण्यासाठी कापड दुमडून दोन थरांत कापतो. छापील कापडाच्या बाबतीत, निदान पहिल्या काही ड्रेसपर्यंत, हे टाळावे. खालच्या थरातील नक्षी दिसत नसल्याने मध्यरेषा एका बाजूस सरकते आणि उजव्या-डाव्या बाजू वेगळ्या दिसू लागतात. कापड जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर एकेरी, सुलट बाजू वर करून पसरावे आणि पूर्ण कागदी आकार त्यावर फिरवून पाहावा. गुडघ्यांना त्रास होतो खरा, पण दुसरा मार्ग नाही.

प्रथम नक्षीची दिशा पाहावी. अनेक अजरखांत वर-खाली असा भेद नसतो, परंतु फुले, पाने किंवा बुट्टे एकाच दिशेला उभे असतील तर दोन्ही तुकड्यांचे गळे एकाच बाजूस यायला हवेत. कापड वाचवण्यासाठी एक तुकडा उलटा ठेवला की पाठीवरची फुले खाली डोके करून उभी राहतात.

यानंतर उभा धागा. कापडाच्या पक्क्या काठाला समांतर जाणारे धागे उभे असतात आणि ड्रेसची मध्यरेषा त्यांना समांतर असावी लागते. नाही तर दोन-चार धुलाईनंतर ड्रेस अंगावर पिळला जातो. ठशाच्या कापडात अडचण अशी की छपाईच्या ओळी धाग्यांशी नेहमी काटकोनात असतातच असे नाही. आपल्या कुणबी लुगड्यातील चौकडी विणीतच असते, त्यामुळे तिची रेषा आणि धागा कधी वेगळे होत नाहीत. छपाई मात्र विणलेल्या कापडावर नंतर होते, आणि कापड ताणून बसवताना ते थोडेसे तिरके झाले असेल तर ओळीही तिरक्या पडतात. हे तपासण्यासाठी कापडाच्या टोकाला एक आडवा धागा ओढून काढावा आणि त्याने पडलेल्या रेषेशी छपाईची ओळ ताडून पाहावी. पूर्ण पन्ह्यात अर्ध्या इंचापर्यंत फरक असेल तर छपाईच्या ओळीला प्रमाण मानून कापावे, कारण पाहणाऱ्याला धागा दिसत नाही, ओळ दिसते. फरक त्याहून मोठा असेल तर कापड ओलसर करून दोघांनी समोरासमोरचे कोपरे तिरके ओढावेत; बरेचसे सरळ होते. तरीही उरलाच, तर धाग्याला मान द्यावा आणि हे कापड जुळवाजुळव न लागणाऱ्या, भरपूर चुण्यांच्या परकरासाठी वापरावे.

तिसरी गोष्ट म्हणजे नक्षी किती अंतराने पुन्हा येते, हे मोजणे. एका गोल आकृतीच्या मध्यापासून तिच्या बरोबर खालच्या तशाच आकृतीच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. समजा, ते ८ इंच आले. हे अंतर कागदी आकाराच्या बाजूवर, छातीच्या रेषेपासून सुरुवात करून, आडव्या खुणांनी नोंदवावे. पुढचा तुकडा ठेवताना छातीची रेषा ज्या ओळीवर येईल, त्याच ओळीवर मागच्या तुकड्याची छातीची रेषा यायला हवी. एवढे साधले की दोन्ही बाजूंच्या शिलाईवर आडव्या ओळी एकमेकींना भेटतात. ड्रेस खाली रुंद होत असल्यामुळे उभ्या ओळी मात्र शिलाईवर भेटणार नाहीत. त्या तिरक्या कापल्या जाणे अटळ आहे आणि त्यासाठी डोकेफोड करू नये.

मध्यरेषेवर एकतर आकृतींची एक पूर्ण रांग यावी किंवा दोन रांगांमधील मोकळी जागा. रांगेचा तिसरा भाग कापून मध्य धरला तर काहीतरी बिनसल्याचे लगेच जाणवते, मग शिलाई कितीही सुबक असो. मोठ्या गोल आकृती छातीच्या उंचवट्यावर नेमक्या बसू देऊ नयेत. आकार दोन-तीन इंच वर किंवा खाली सरकवल्यास प्रश्न सुटतो. गळ्याच्या गोलाईत कोणती आकृती अर्धी कापली जाते, तेही आताच पाहून घ्यावे, कारण चेहऱ्याच्या जवळ असल्याने सर्वांची नजर तेथेच जाते.

सर्व मनासारखे झाले की कागद टाचण्यांनी किंवा दगडी वजनांनी स्थिर करून, खडूने बाहेरची रेषा काढून पुढचा तुकडा कापावा. मागचा तुकडा कापण्याआधी कापलेला पुढचा तुकडा शेजारी ठेवून ओळी पुन्हा ताडून पाहाव्यात. बाजूला उरलेल्या साधारण १४ इंच रुंदीच्या पट्टीतून गळ्याच्या आकाराच्या अडीच इंच रुंद पट्ट्या, पुढची व मागची, आणि हवे असल्यास खिसे कापावेत.

शिलाई

येथून पुढचे काम तुलनेने सरळ आहे. केंब्रिकसाठी १४ नंबरची सुई आणि मलमलीसाठी ११ नंबरची सुई लावावी. दोरा कापडातील सर्वांत गडद रंगाचा घ्यावा, कारण फिका दोरा गडद नक्षीवर उठून दिसतो. पावसाळ्यात मशीनला तेल दिले असेल तर आधी एखाद्या चिंधीवर दोन-तीन टिपा माराव्यात. तेलाचा थेंब अजरखावर पडला की तो धुऊन काढताना रंगही जातो.

सुलट बाजू आत घेऊन दोन्ही खांदे शिवावेत व शिलाई इस्त्रीने उघडून दाबावी. गळ्याच्या पट्ट्यांना उलट बाजूने पातळ बकरम (कापडाला ताठपणा देणारे अस्तर) चिकटवून त्यांचेही खांदे जोडावेत. मग ही गोल पट्टी ड्रेसच्या सुलट बाजूवर सुलट ठेवून, दोन्हींचे खांदे आणि मध्यखुणा जुळवून, पाव इंचावर टीप घालावी. गोलाईवर दर अर्ध्या इंचाला टिपेपर्यंत, पण टीप न कापता, छोटे काप द्यावेत, पट्टी आत पलटावी आणि पट्टीवरच, कडेपासून अगदी जवळ, एक टीप मारावी म्हणजे ती बाहेर डोकावत नाही. पट्टीची आतली कड खांद्याच्या शिलाईला दोन टाक्यांनी अडकवली तरी पुरते; सबंध कड मशीनने शिवली तर नक्षीवर एक गोल रेषा विनाकारण उमटते.

बाजूच्या शिलाईत घाई करू नये. मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि दाबाचा पाय वरचा थर मागे रोखतो, त्यामुळे लांब शिलाईत टाचण्यांनी जुळवलेल्या ओळीही शेवटी थोड्या सरकतात. म्हणून आधी प्रत्येक आडव्या ओळीवर टाचणी लावावी, मग हाताने धावदोरा घालावा आणि त्यानंतरच मशीन चालवावे. धावदोऱ्याला अर्धा तास लागतो म्हणून तो गाळणारे पुष्कळ आहेत. ओळी न जुळलेले ड्रेसही तितकेच आहेत. काखेच्या गोलाईवर टीप दुहेरी घालावी आणि मार्जिनमध्ये तीन-चार काप द्यावेत, नाही तर हात वर केल्यावर तेथे ओढ बसते. कडा सुटू नयेत म्हणून जवळच्या शिंप्याकडून इंटरलॉक करून घेणे सर्वांत सोयीचे. ते शक्य नसेल तर मशीनची नागमोडी टीप चालते. बाहीचे तोंड दोनदा अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवावे.

ड्रेसची खालची कड लगेच दुमडू नये. ड्रेस हँगरवर एक रात्र टांगून ठेवावा. बाजूंचे कापड तिरके कापलेले असल्याने तेथे ते थोडे लोंबते, आणि ते लोंबून झाल्यावरच कड समान करावी. आडव्या ओळी ठळक असतील तर कड ओळीला समांतर ठेवण्याकडे कल असावा; बाजूंना पाव इंच फरक राहिला तरी तो नजरेस येत नाही, पण तिरकी कापलेली ओळ येते. दुमड हाताने तुरपाई घालून बसवावी, म्हणजे नक्षीवर टीप दिसत नाही.

काठ असलेल्या कापडाबद्दल

काही अजरखांना दोन्ही लांबड्या बाजूंना रुंद छापील काठ असतो, आणि तो ड्रेसच्या खाली यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी आकार कापडावर आडवा ठेवावा लागतो, म्हणजे पन्ह्याचे ४४ इंच ही ड्रेसची उंची होते. ४० इंच उंचीला ते पुरतात, पण कापड आटून पन्हा ४२ इंचांवर आला तर जेमतेमच. काठ सरळ असल्यामुळे घेर तिरक्या बाजूंनी देता येत नाही; बाजू सरळ ठेवून छातीखाली चुण्या घालाव्यात. खालची कड दुमडण्याची गरज उरत नाही, कारण ती मुळातच पक्की असते. हा प्रकार दुसऱ्या ड्रेससाठी ठेवावा.

तयार ड्रेसची निगा

पहिल्या तीन-चार वेळा ड्रेस वेगळा धुवावा, उलटा करून सावलीत वाळवावा आणि ब्लीच असलेली पावडर कधीच वापरू नये. नवी निळी नक्षी सुरुवातीला घासल्याने थोडी लागते, म्हणून पांढऱ्या पिशवीसोबत किंवा फिक्या रंगाच्या सोफ्यावर काही दिवस जपून राहावे. पावसाळ्यात ड्रेस कपाटात ठेवण्यापूर्वी इस्त्री करून पूर्ण कोरडा करावा. हँगर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असावा. तारेच्या हँगरचा गंज खांद्यावर नेमका त्याच काळ्या रंगात उमटतो.